नट आवळलेलाच होता

परभणी
४ जानेवारी २०२५

भागवतदादा,

तुमचा फोन लागत नाही. आधी वाटलं, राणीसावरगावात रेंज नसेल. महिनाभर रोज लावून बघितल्यावर कळलं की नंबरच बंद केलाय. म्हणून पत्र लिहितेय. तुमच्या थोरल्या भावाच्या, येडबाभाऊंच्या पत्त्यावर टाकते. मेंढरंवाले येडबा म्हटलं की पोस्टमन बरोबर नेऊन देईल, असं बाबांचं म्हणणं.

काम असं आहे की माझी लाल गाडी परत आली. पुण्यात वर्षभर पडून होती. डावीकडचा रंग किंचित वेगळा दिसतो, तेवढं चालेल. इंजिनला धक्का लागलेलाच नव्हता. ब्रेक मात्र नव्यानं करायचेत, आणि तेच मला ठरवता येईना. तेवीस फेब्रुवारीला पुण्याकडच्या त्याच ट्रॅकवर पुन्हा दिवस ठेवलाय. आपापली गाडी घेऊन जायचं, पैसे भरायचे आणि मोकळ्या ट्रॅकवर पाहिजे तेवढी पळवायची. आपल्याकडची सहा-सात माणसं जाणार आहेत. टाइल्सवाला हरिओमच सगळं जमवतोय, नेहमीसारखं.

पुण्याचा गॅरेजवाला म्हणतो, मॅडम, सहा पिस्टनचे कॅलिपर टाका, मोठ्या डिस्क टाका, अडीच लाखात काम होईल. संभाजीनगरचा म्हणतो, नुसत्या भोकं पाडलेल्या डिस्क घाला, लय भारी दिसतात. हरिओमच्या ग्रुपवर टाकलं तर अकरा जणांनी अकरा गोष्टी सांगितल्या. माझ्या पगारात काय बसतं ते तुम्हाला माहीत आहे. दोन दारांची जुनी गाडी घेतली तेव्हाच कॉलेजातले लोक विचारायचे, मॅडम, मागं कोण बसतंय? मागं कुणी बसत नाही, त्या जागी हप्ते बसतात, असं मी सांगायचे.

मला तुमचं मत पाहिजे. दुसऱ्या कुणाचं पटत नाही.

माझं मनगट बरं आहे. खडू धरता येतो. त्या नोव्हेंबरात जे झालं ते झालं, दादा. लोक काहीही बोलतात. तुम्ही मनावर घेऊ नका.

हे शेवटचं वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिलंय. असू द्या.

साधनावहिनींना नमस्कार.

आपली
रोहिणी


परभणी
१९ जानेवारी, रविवार

भागवतदादा,

उत्तर नाही. मिळालं नसेल असं धरून पुन्हा लिहितेय.

आज वसमत रोडला गेले होते. म्हणजे तुमच्या दुकानावरून जायचंच असं ठरवून निघाले नव्हते, पण स्कूटी तिकडंच वळली. तुमच्या जागेत आता मोबाईलची कव्हरं विकतात. फरशीवर ब्रेक ऑईलचा काळा डाग तसाच आहे, त्यावर त्यांनी प्लास्टिकचं स्टूल ठेवलंय. मी उगीच एक कव्हर विकत घेतलं. माझ्या फोनला ते बसत नाही.

पहिल्यांदा आले होते तेव्हा तुम्ही लिंबाजींच्या पिकअपखाली आडवे होतात. मी फोनमधलं मोठ्या लाल कॅलिपरचं चित्र दाखवलं. तुम्ही खालूनच विचारलंत, "ताई, गाडी कोण थांबवतंय?"

मी म्हणाले, "ब्रेक."

"न्हाई. टायर थांबवतंय. ब्रेक नुसती गरमी खातंय. तुमाला मोठा ब्रेक न्हाई पाहिजे, गरमी पचवणारा पाहिजे."

वीस वर्षांच्या जवळपास मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतेय. गतीची ऊर्जा, उष्णतेची ऊर्जा, सगळं फळ्यावर मांडते. पण गरमी पचवणारा, असं मला कधी सुचलं नव्हतं.

मग बाहेर येऊन, हात पुसत, तुम्ही सगळं सांगितलंत. मोठ्या कॅलिपरला मोठं चाक लागतं, चाक जड झालं की दुसरीकडं खर्च. भोकाच्या डिस्कला भोकापासूनच तडे जातात. साधी डिस्क घ्या, झिजली की बदला. पहिला खर्च तेलाचा, म्हणजे ब्रेक ऑईलचा. "ते हवेतलं पाणी पितंय, ताई. दोन वरसात पाणी मुरलं की लवकर उकळतंय. उकळलं की वाफ. तेल दबत न्हाई, वाफ दबती. तुमचा पाय खाली जातो अन गाडी पुढं." त्यानंतर पॅड, चांगल्या मेळाचे, म्हणजे गरमी सोसणारे. पैसे उरले तर स्टीलच्या जाळीचे पाईप. आणि फुकटात होणारी गोष्ट म्हणजे पुढच्या बंपरमधून चाकापर्यंत वाऱ्याला वाट काढून द्यायची.

माझ्याकडं त्याच यादीचा कागद अजून आहे. मग मी पुन्हा का विचारतेय, असं तुम्हाला वाटेल.

तुम्ही आणि वहिनी रात्रभर रेल्वेनं येऊन पुण्याला दवाखान्यात मला बघायला आलात, ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. माझा हात प्लास्टरमध्ये. तुम्ही भाकरी माझ्या ताटात कुस्करून दिलीत आणि विचारलंत, पेडल कडक राहिलं का मऊ झालं? मी म्हणाले, मऊ झालं, थेट खाली गेलं. तेव्हा तुमचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं. तेलाचं मी तेव्हा सांगितलंच होतं. आणि तुम्ही नट आवळला होता का, हे मला कसं माहीत असणार?

बाबा हाक मारायलेत. नंतर लिहीन.

रोहिणी


मु. राणीसावरगाव, ता. गंगाखेड
२८ जानेवारी

रोहिणीताईस साधनाचा नमस्कार.

तुमची दोनी पत्रं आली. त्यांनी वाचली अन घडी करून पेटीत ठेवली.  ते ब्रेकचं नावच काडत न्हाईत, ताई. गावातली जीप बंद पडली तरी उठत न्हाईत. दीराच्या मेंढरामागं जातेत, दिवस मावळला की येतेत. अंगणात बसून दोनी हात उलटेपालटे करून बघतेत. मी इचारलं तर म्हणतेत, नवे पॅड बसवतानी ब्रेकातली हवा काढायचा नट ढिल्ला केला व्हता, परत आवळला का न्हाई ते ध्यानात येईना. सव्वा वरीस झालं, एकच बोलणं.

पुण्याला तुमाला त्यांनी इचारलं तवा तुमी म्हणल्या, काय की दादा. त्या दोन शब्दावर माणूस बसून हाय.

मोठ्या ब्रेकचं मला कळत न्हाई. तुमी शिकलेल्या हाव. तुमाला काई ठावं आसंल तर सांगा. आवळला नसंल तर तसं सांगा, पण सांगा.

साधना


फिजिक्स लॅब
७ फेब्रुवारी

भागवतदादा,

बारावीची प्रॅक्टिकल चालू आहेत. बाहेरगावचे परीक्षक चहाला गेलेत. वीस मिनिटं आहेत. वहिनींचं पत्र येऊन चार दिवस झाले आणि या चार दिवसांत मी सहा वेळा लिहायला बसले. वर्गात उभी राहिले की बसावंसं वाटतं, बसले की उठावंसं वाटतं. आता लिहूनच टाकते.

नट आवळलेला होता.

मला हे तेव्हाही माहीत होतं. नट सैल असता तर तेल गळलं असतं आणि गाडी पाथरीपर्यंतही धड गेली नसती. मी ती साडेतीनशे किलोमीटर चालवत नेली. शनिवारी मुक्कामाच्या ठिकाणी बॉनेट उघडून बघितलं, तेलाची पातळी केसभरही उतरली नव्हती. रविवारी ट्रॅकवर पहिल्या दोन फेऱ्यांत पेडल दगडासारखं कडक होतं. तुमचं काम चोख होतं, दादा. पॅड एवढे छान धरत होते की मी प्रत्येक वळणाला आधीपेक्षा उशिरा ब्रेक दाबायला लागले.

तेल बदललेलं नव्हतं.

तुम्ही मागवलेला तेलाचा डबा त्या शुक्रवारी सकाळी दहा वाजता कुरिअरनं घरी आला. तुम्ही सांगितलं होतं, "डबा आला की सरळ दुकानात या. एक तासाचं काम हाय. त्याच्याबिगर ट्रॅकवर जायचं न्हाई." अकरा वाजता तुमचा फोन आला. मी पाथरीच्या पुढं पोचले होते. मी म्हणाले, पुण्यात बदलून घेते. डबा मागं डिकीत होता.

पुण्यात मी बदललं नाही, कारण मी हिशोब केला होता. वहीचं पान भरून. गाडीचं वजन, वेग, डिस्कचं वजन, फेऱ्यांची संख्या. उत्तर आलं की तेल एकशे नव्वद अंशांच्या वर जात नाही, आणि तेलाचा उकळबिंदू दोनशे तीस. चाळीस अंश शिल्लक. मला माझ्या हिशोबाचं एवढं कौतुक वाटलं की मी तो हरिओमला दाखवला. दोनशे तीस हा नव्या तेलाचा आकडा. माझ्या गाडीतलं तेल आधीच्या मालकाच्या काळातलं. त्यात किती पाणी मुरलं असेल ते मी धरलंच नाही. तुम्ही पिकअपशेजारी उभं राहून मला तेच तर सांगितलं होतं. पण तुम्ही नववी शिकलेले आणि मी एम.एस्सी.

तिसऱ्या फेरीत लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी पाय ठेवला आणि पाय खाली गेला. पुन्हा मारला, पुन्हा खाली. टायरांची भिंत समोर आली. डावं चाक त्यात घुसून चेचलं गेलं, म्हणून नट बघायला कुणाला मिळालाच नाही.

दवाखान्यात तुम्ही विचारलंत, तेल बदललं होतं का? वहिनी बाजूला उभ्या होत्या. मी हो म्हणाले. का म्हणाले ते मी तेव्हापासून शोधतेय. हरिओम दारात होता, त्याला तो हिशोब माहीत होता, आणि मला मूर्ख ठरायचं नव्हतं. एवढंच कारण. मग तुम्ही म्हणालात, तेल बदललं असंल तर मग माझाच नट. आणि मी म्हणाले, काय की दादा.

त्याच आठवड्यात हरिओमनं ग्रुपवर टाकलं की परभणीच्या मेकॅनिकनं ब्रेक केले आणि ते फेल झाले, सावध राहा. तुमचं नाव, दुकानाचा पत्ता. मी तो मेसेज वाचला. खाली कुणीतरी अंगठा दिला होता. मी काही लिहिलं नाही. मग तो पिकअपवाल्यांच्या ग्रुपवर गेला, आणि तुमच्या दारातल्या गाड्या एकेक करून निघून गेल्या. मी रोज स्कूटीवरून बघत होते. एक दिवस शटर खाली होतं.

अपघातानंतर डिकीतून घरी आणलेल्या सामानात बाबांना गेल्या दिवाळीत साफसफाई करताना तो डबा सापडला. सील तसंच. ते तहसीलमध्ये तीस वर्षं कारकून होते, कागद न वाचता ठेवत नाहीत. डब्यावरचं सगळं वाचलं आणि विचारलं, "रोहिणी, हे त्या गाडीत जायचं होतं का?" मी हो म्हणाले.  दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचा चहा घेणं बंद केलं, स्वतः करून घेतात. तीन महिने झाले.

पहिल्या पत्रात मी तुम्हाला ब्रेक कोणते घेऊ म्हणून विचारलं. ते खोटं नव्हतं, गाडी खरंच उभी आहे. पण ते निमित्त होतं. तुम्ही उत्तर दिलं असतं तर मी बाकीचं कधीच सांगितलं नसतं, असं वाटतं.

परीक्षक आले.

रोहिणी


परभणी
२ मार्च

भागवतदादा,

तुम्ही उत्तर द्यावं म्हणून हे लिहीत नाहीये. काय केलं तेवढं कळवते, कारण ते तुमच्या नावाबद्दल आहे.

तेवीसला ट्रॅकवर गेले. लाल गाडी घरीच ठेवली, बसनं गेले. सकाळी गाड्या सोडण्याआधी सगळ्यांना उभं करून सूचना देतात. मी दोन मिनिटं मागितली. हरिओमला वाटलं मी बक्षीस-बिक्षीस जाहीर करतेय. चाळीसेक माणसं होती, हेल्मेट काखेत धरून. मी सांगितलं की नोव्हेंबर दोन हजार तेवीसमध्ये माझी गाडी ज्या कारणानं आदळली ते कारण मी लपवलं. तेल मी बदललं नाही, मेकॅनिकनं बजावून सांगितलं होतं. त्यांचं नाव भागवत. त्यांनी बसवलेले पॅड आणि आवळलेला नट दोन्ही बरोबर होते. हे मी आज सांगतेय, सव्वा वर्ष उशिरा.

 मागं कुणीतरी इंजिन चालू केलं, मग बंद केलं.

हरिओम बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, कशाला उकरायलात? सगळे विसरले की."

मी म्हणाले, "भागवतदादा विसरले नाहीत. तुम्ही तो मेसेज टाकला होता, आता हाही टाका."

त्याला टाकायचा नव्हता. त्याला माझा हिशोब माहीत होता, तरी त्यानं तुमचं नाव लिहिलं होतं, हे त्यालाही नीट कळत होतं. मी त्याच्या शेजारी उभी राहिले, तो टाकेपर्यंत. शेवटी टाकला. दुपारी दोघातिघांनी आपापल्या गाडीचं तेल किती जुनं आहे ते बघितलं, आणि एक जण न पळवताच परत गेला.

परभणीत आल्यावर पिकअप स्टँडवर गेले. तिथं वाचून दाखवायला कागद नेला होता, पण तो बाहेर काढलाच नाही, तोंडीच सांगितलं. लिंबाजी ऐकत होते. त्यांनी सगळ्यात आधी गाडी तुमच्याकडून काढून नेली होती, आठवत असेल. ते टायरला टेकून उभे राहिले.

"सव्वा वरीस आमी त्याच्या दुकानासमोरून जातानी मान फिरवली, मॅडम," ते म्हणाले. "रस्त्यात गाठ पडला तर राम राम घेतला न्हाई. अन तुमी आत्ता सांगायलाव?"

 त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही. परत येताना स्कूटी दोनदा बंद पाडली मी, क्लच नसलेली स्कूटी कशी बंद पाडतात देव जाणे.

बाबांनी घरी विचारलं, "सांगितलंस?" हो म्हटलं. ते आत गेले आणि स्वतःपुरता चहा करून घेतला. लगेच काही बदलत नाही, हे मला कळतंय.

रोहिणी


मु. राणीसावरगाव
६ एप्रिल २०२५

रोहिणीताईस भागवतचा नमस्कार.

मला लिहायची सवय न्हाई. साधना लिहून घ्यायली, मी सांगायलो.

तुमचं फेब्रुवारीचं पत्र आलं तवा मी मेंढराच्या मागं व्हतो. साधना पळत रानात आली. बांधावर बसून वाचून दाखवलं. नट आवळला व्हता, हितपर्यंत मी ऐकलं. पुढचं ऐकू आलं न्हाई. तिनं परत वाचलं. मग लय राग आला, ताई. एवढा राग मला जलमात कुणाचा आला न्हाई. तुमचं कागद फाडायला घेतलं तर साधनानं हिसकून घेतलं. म्हणली, हेच एक कागद हाय ज्यावर तुमी खरे हाव.

माफ केलं आसं लिहिणार न्हाई. आजून तसं वाटत न्हाई. वाटलं तर सांगीन, न्हाई वाटलं तरी सांगीन.

तुमच्या गाडीचं काम मी करणार न्हाई. पण इचारलंय तर सांगतो, कारण ट्रॅकवर तुमच्या मागंपुढं दुसरी माणसं आसतात. अडीच लाखाचं काई घेऊ नका. तेल नवं, पॅड आधीच्या मेळाचे, पाईप स्टीलच्या जाळीचे, डिस्क साधी. अन हे सगळं तुमी सोता करा. हात काळे करा. हवा काढायला दोन माणसं लागतेत, एक पेडल दाबायला, एक खाली नट धरायला. बाबांना पेडलवर बसवा. नट तुमी आवळा. मग कळंल, आवळला का न्हाई हे ध्यानात ठेवणं काय आसतंय.

आता दुसरं. पाडव्याच्या आदल्या दिवशी लिंबाजी आला. परभणीवरून, रिकामी पिकअप घेऊन. घरात आला न्हाई. उंबऱ्यापशी किल्ली ठेवली अन म्हणला, "मागचे ब्रेक एका बाजूला वढायलेत." मी म्हणलं, मी काम सोडलंय. तो म्हणला, "मग मी हितंच बसतो." अन बसला. साधनानं भाकर वाढली तर जेवला अन परत बसला. दिवसभर बसला, ताई. येडबादादा मेंढरं घेऊन माघारी आला तरी तो बसलेलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुढी उभी केली अन मी पेटी उघडली. हत्यारं गंजली व्हती, रॉकेलमधी धुतली. चारी चाकं उतरवली. सगळं झाल्यावर नट आवळला. परत बघितला. परत बघितला. लिंबाजी म्हणला, "झालं की." मी म्हणलं, गप बस.

चाचणीला तोच घेऊन जाईल आसं मला वाटलं व्हतं. त्यानं किल्ली माझ्याच हातात दिली अन मागं हौद्यात जाऊन हुबा राहिला. साधना न इचारता माझ्या बाजूला येऊन बसली. गावाच्या खाली गंगाखेडकडं उताराचा रस्ता हाय, तिथं नेली. दीड वरसात मी गाडीच्या पेडलला पाय लावला नव्हता. उतारावर गाडी सोडली, पळू दिली. साधनानं समोरचं हँडल धरलं. मग दाबलं.

थांबली. सरळ, जागच्या जागी. हौद्यातून लिंबाजीनं टपावर थाप मारली.

थोडी सोडली, परत दाबलं. थांबली. परत सोडली. समोरून गुढीपाडव्याची नवी कापडं घालून लेकरं यायलेली, ती बाजूला हुबी राहून बघायली.

साधना म्हणली, "आता चला की घरी. किती येळा थांबवायलाव?"

मी म्हणलं, आजून एकदा.

भागवत